किती घट्ट?

लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांना माझं काम समजावून सांगणं हाच एक प्रयोग असतो. बाकीच्या बहिणी सुटसुटीत आहेत. एक बँकेत, एक शाळेत, एकीचं ब्युटी पार्लर. माझी पाळी आली की मी म्हणते, "पेशी आजूबाजूला किती घट्ट चिकटतात ते मी मोजते." मग दोन क्षण शांतता. रत्नागिरीच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मावशींनी मठ्ठ्याचा शेवटचा घोट घेतला आणि मला विचारलं, "म्हणजे फेव्हिकॉलच्या कंपनीत आहेस काय गो?"

मी हसून हो म्हणून टाकलं. पण पुण्याला परत येताना, आंबा घाट चढताना, सारखं वाटत राहिलं की एकदा हे नीट लिहून काढावं. निदान घरच्यांसाठी. कारण या मोजण्याच्या नादात मी घरातच एक मोठी चूक करून बसले होते, आणि पंगतीत बसून काही ती सांगता येत नाही.

सुरुवात कालवांपासून करते. माझी सुरुवात तिथूनच झाली.

लहानपणी सुट्टीत आई आम्हाला सुकतीला खडकांवर न्यायची. तिच्या एका हातात कोयती, दुसऱ्या हातात झाकणाचा डबा. दादा आणि मी मागे मागे. कालव काही हाताने निघत नाही. आई कोयतीचं टोक फटीत घालून वरचं कवच उचकटायची, आतला मऊ गर डब्यात टाकायची आणि पुढच्या खडकाकडे वळायची. खालचं कवच मात्र खडकालाच राहायचं, पांढरं, धारदार. मी ते नखाने काढायला बघायचे, बोटं कापून घ्यायचे.

"आई, किती घट्ट असतं हे?"

"ओढून बघ. नुसतं बघून कळतंय होय?"

पुढे आयुष्यभर ज्या विषयात मी डोकं घातलं, त्याचं सार आईने त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. चिकटलेली वस्तू बघून ती किती घट्ट आहे ते कळत नाही. ओढावंच लागतं.

शाळेत असताना पेठकिल्ल्याकडे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला आम्हाला नेलं होतं. बाकीची मुलं देवमाशाच्या सांगाड्याभोवती. मी तिथल्या एका काकांना कालवांबद्दल विचारत बसले. त्यांनी सांगितलेलं अजून आठवतं. कालवाचं पिल्लू आधी दोनेक आठवडे पाण्यात तरंगत असतं. मग त्याला पाय फुटतो, डोळ्यासारखा एक ठिपका येतो. त्या पायाने ते खडक चाचपतं. जागा पसंत पडली की स्वतःच सिमेंटसारखं काहीतरी सोडून चिकटतं, आणि मग पाय जातो, ठिपकाही जातो. जन्मभर तिथेच.

त्याच खडकांवर हिरव्या कवचाचे शिंपलेही असतात. ते सिमेंट लावत नाहीत. ते बारीक धागे सोडतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक चिकट चकती. नको झालं तर जुने धागे टाकून देतात आणि नवे विणतात. वरून बघाल तर दोघेही सारखेच घट्ट. हा फरक तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नाही. तो लक्षात ठेवला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

असो. आता प्रयोगशाळा.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी (रक्तातल्या सोडून) कशाला तरी धरून राहतात. पेशींच्या भोवती प्रथिनांचं एक जाळं असतं, आणि त्याला धरायला पेशीच्या अंगावर हात असतात. या हातांना इंटेग्रिन म्हणतात. हे नाव १९८६ सालचं. त्याआधी दोन वर्षं, १९८४ साली, फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनातला केवळ तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला होता, ज्याला पेशी धरते. एवढ्या मोठ्या प्रथिनात तीन मण्यांची मूठ!

हे धरणं मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे धुणं. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ९६ छोटे खळगे असतात. त्यांना आतून फायब्रोनेक्टिनचा लेप द्यायचा. काहींना मुद्दाम द्यायचा नाही, ते तुलनेसाठी. प्रत्येक खळग्यात मोजून पेशी टाकायच्या, प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायची. मग खारं पाणी घालून धुवायचं. धरून राहिल्या त्या राहिल्या, बाकीच्या गेल्या. राहिलेल्यांना क्रिस्टल व्हायोलेटने जांभळं रंगवायचं, रंग विरघळवायचा आणि यंत्राला विचारायचं, किती जांभळं? जितकं गडद तितक्या पेशी टिकल्या.

ऐकायला छान वाटतं. पण मी पीएचडीला लागले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मला रडू आलं होतं. माझे आकडे आणि माझ्या सीनियरचे आकडे जुळेनात. पेशी त्याच, लेप तोच, वेळही तीच. शेवटी एक दिवस आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून धुवायला लागलो तेव्हा लक्षात आलं. ती पिपेटची धार सरळ खळग्याच्या तळावर मारत होती. मी कडेने हळूच सोडत होते. तिच्या हाताखाली पेशी सुटायच्या, माझ्या हाताखाली टिकायच्या. आम्ही पेशी मोजत नव्हतोच, एकमेकींचे हात मोजत होतो.

म्हणून मग लोकांनी हात काढून टाकायच्या युक्त्या शोधल्या. प्लेट उलटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, म्हणजे सगळ्या पेशींवर सारखाच ओढा. किंवा दोन काचांमधल्या बारीक फटीतून ठरावीक वेगाने द्रव सोडायचा आणि कुठल्या वेगाला पेशी वाहून जातात ते बघायचं, जसं धमनीत रक्त भिंतीला घासत जातं तसं. आणि सगळ्यात नाजूक पद्धत म्हणजे एकच पेशी उचलून ओढायची.

यासाठी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप लागतो. हे यंत्र आलं १९८६ साली. त्यात केसाहून बारीक एक पट्टी असते. पट्टीच्या टोकाला एक जिवंत पेशी चिकटवायची, ती खाली टेकवायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग पट्टी वर ओढायची. पट्टी किती वाकली ते लेझर सांगतो, त्यावरून बल काढायचं. आता गंमत अशी की पट्टीला पेशी चिकटवायला जे वापरतात, ते एक तर समुद्रातल्या शिंपल्याच्या धाग्याचं प्रथिन, नाही तर आपल्या परसातल्या अबईच्या चुलत बहिणीच्या बियांतून काढलेलं. पहिल्यांदा त्या बाटल्या हातात आल्या तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं. आई म्हणाली, "एवढ्या महागाच्या मशीनला अबईच लागते ना शेवटी?"

बल किती? साधारण पाव किलोचा हापूस तळहातावर ठेवलात तर तो अडीच न्यूटनने हात खाली दाबतो. पेशीचं धरणं मोजतात नॅनोन्यूटनमध्ये, म्हणजे न्यूटनचा एक अब्जांश. पेशी काही सेकंदच टेकवून उचलली तर एखाद-दोन नॅनोन्यूटनमध्येही सुटते. काही मिनिटं टेकू दिली तर कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणजे "ही पेशी किती घट्ट चिकटते" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. किती वेळ टेकली होती? कशावर? ओढलं कुणी, किती वेगाने? हे सगळं सांगितल्याशिवाय आकडा निरर्थक.

हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. घरी मात्र विसरले.

बाबा गेले २०१९ साली. आई रत्नागिरीच्या घरात एकटी. थिबा राजवाड्याच्या बाजूला आमचं कौलारू घर, मागे आड, चार नारळ, दोन कलमं. दादा आणि मी, दोघंही पुण्यात. दादा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, आईला इकडे आणूया. मी नाही म्हणत होते. आणि माझ्याकडे शास्त्र होतं ना!

१९९४ साली दोन संशोधकांनी दाखवलं की विशिष्ट प्रकारच्या पेशी जागेवरून सोडवल्या, धरायला काही ठेवलं नाही, तर त्या नुसत्या तरंगत राहत नाहीत. त्या स्वतःला संपवतात. पद्धतशीर, आतून. त्यांनी त्याला नाव दिलं अनॉयकिस. ग्रीक शब्दावरून, अर्थ साधारण 'बेघर होणं'. कॅन्सरची पेशी पसरते त्याचं एक कारण हेच, की ती हे मरण चुकवायला शिकलेली असते. बाकीच्यांना जमीन सुटली की संपलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. बाबांच्या वर्षश्राद्धाला दादाशी वाद झाला तेव्हा मी हेच त्याच्या तोंडावर फेकलं. म्हातारी माणसं अशी उपटली की जगत नाहीत. पेशीसुद्धा जगत नाही.

"तुझ्या पेशींचं आईला लावू नकोस," दादा म्हणाला.

मग मी थिबा राजाला मदतीला बोलावलं. आम्ही त्याच्या शेजारचे, त्याची गोष्ट पाठ. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेतलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याला हा एवढा राजवाडा बांधून दिला, खिडक्यांतून खाडी दिसते, समुद्र दिसतो. तरी १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला, मंडालेचं तोंड पुन्हा न बघता. "राजवाडा देऊनसुद्धा रुजला नाही," मी म्हणाले.

"आणि त्याची थोरली मुलगी?" दादा म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रत्नागिरीत सगळ्यांना माहीत आहे. राजाची थोरली मुलगी मंडालेत जन्मलेली, पाच-सहा वर्षांची असताना इथे आलेली. तिचा जीव इथल्याच माणसात गुंतला. १९१९ मध्ये कुटुंबाला परत ब्रह्मदेशात नेलं तेव्हा तीही गेली, आणि पुन्हा रत्नागिरीला निघून आली. इथेच गेली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीकरच झाली, मराठी बोलत मोठी झाली, इथल्याच माणसाशी लग्न केलं. एकाच घरातली दोन माणसं, एकाच बोटीतून आणलेली.

पण वादात मी हटले नाही. आई राहिली रत्नागिरीत. आणि या सगळ्यात मला एक गोष्ट सुचली नाही, जी कुठल्याही विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी विचारते. मोजलंस का? मी आईला एकदाही विचारलं नव्हतं.

२०२२ च्या जूनमध्ये, पाऊस नुकता लागलेला, आई रात्री न्हाणीत घसरून पडली. मोबाइल माजघरात. तिने हाका मारल्या, पण कौलांवर पाऊस इतका होता की शेजारी ऐकू जाणं शक्य नव्हतं. सकाळी शेजारच्या वहिनी देवाला फुलं न्यायला आल्या तेव्हा त्यांना आई दिसली. खुब्याचं हाड मोडलेलं. साताठ तास ती ओल्या फरशीवर पडून होती.

ते तास मी अजून मोजते. त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

ऑपरेशन रत्नागिरीतच झालं, नीट झालं. तीन आठवड्यांनी आम्ही तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. घाटात ती एक शब्द बोलली नाही. मी पाठीमागे तिचा हात धरून बसले होते आणि डोक्यात तो एकच ग्रीक शब्द.

इथे थोडं ट्रिप्सिनबद्दल सांगायला हवं. प्लेटमधल्या पेशी वाढून दाटी झाली की त्यांना नव्या भांड्यात हलवावं लागतं. त्यासाठी ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य घालतात. तीन-चार मिनिटांत पेशींचे धरलेले हात तुटतात, त्या गोल गोल होतात, भांड्याला टिचकी मारली की सुटतात. त्या वेळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर वाटतं, संपलं सगळं. पण त्यांना धरायला काहीतरी द्या आणि थोडे तास थांबा. नवे हात येतात. आधी एक कड टेकते, मग दुसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघावं तर सगळ्या ऐसपैस पसरलेल्या. हे मी हजारदा तरी केलं असेल. १९९४ चा तो शोध खरा आहेच, पण तो धरायला काहीही न दिलेल्या पेशींचा आहे. दुसरी जागा दिलेल्यांचा नाही. एवढा साधा फरक मी वादात सोयीस्कर गाळला होता.

पहिला महिना आई गोल होती. खिडकीत बसायची, ताटात अन्न उरायचं. दुसऱ्या महिन्यात वॉकर घेऊन लिफ्टने खाली गेली आणि वर येताना म्हणाली, "तुमचा वॉचमन लांज्याचा आहे. तुला पाच वर्षांत माहीत नाही?" मग सोसायटीच्या बाकावर पाच ते साडेसहा. मग भाजीवाल्याशी भांडण, की हे काय नारळ म्हणायचे. पुढच्या वेळी त्याने चांगले आणून ठेवले. तळमजल्याच्या ताईंना घावन शिकवले, त्यांच्याकडून कढीपत्त्याचं रोप आणलं. गणपतीला वॉचमनच्या गावाहून कोकमं आली ती थेट आईच्या नावाने.

त्याच सप्टेंबरात इंटेग्रिनच्या संशोधनाला अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले. मी घरी पेढे घेऊन गेले आणि आईला सांगायला बसले. पेशी जमिनीला फेव्हिकॉलसारखी चिकटत नाही, ती जमिनीला ओढत असते. १९८० साली कुणीतरी पातळ रबराच्या पडद्यावर पेशी ठेवल्या, तर पडद्याला सुरकुत्या पडल्या. एवढीशी पेशी, पण जमीन आपल्याकडे ओढत होती. ओढते म्हणून टिकते. जमीन अगदीच लेचीपेची असेल, ओढून बघायला काही विरोधच नसेल, तर नीट पसरतही नाही. आणि २००९ साली तर असंही दिसलं की इंटेग्रिनची मूठ थोडी ओढली तर लवकर सुटण्याऐवजी आणखी जास्त वेळ टिकते. फार ओढलं की सुटते, ते वेगळं.

आई पेढा खात ऐकत होती. मग म्हणाली, "इकडे रात्री वरच्या मजल्यावर कुणी खोकलं तरी ऐकू येतं. बरं वाटतं."

मी गप्प.

"तिकडे बाबा गेल्यावर रात्र फार मोठी व्हायची."

"मग बोलली का नाहीस? दादा तर केव्हापासून म्हणत होता."

"मला विचारलं कुणी? तुम्ही दोघं माझ्यावरून भांडत होतात. घराचं नाव काढलं की तू रडायचीस. मला वाटलं, तुला घर हवंय. म्हणून राखत होते."

बाकी काही लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी आईचं चिकटलेपण मोजतेय असं समजत होते. मोजत होते माझं. पुन्हा तेच, पिपेट धरलेल्या हाताचं. आईला मी कालव धरून चालले होते, एकदाच जागा निवडून पाय टाकून दिलेलं. आणि ती रत्नागिरीत लग्न होऊन आली होती देवरुखाहून, एकोणीस वर्षांची, एका पेटीनिशी. नवे धागे विणणं तिला नवीन नव्हतं. खरं तर आमच्या आयांपैकी कुणालाच नवीन नव्हतं. त्यांचं आख्खं आयुष्य एकदा असं सोडवून दुसऱ्या भांड्यात टाकलेलं असतं आणि आपण त्याला मंगलकार्य म्हणतो.

तिला रत्नागिरी आवडत नाही असं नव्हे. मे महिना आला की ती आंब्यांसाठी फोनवर फोन करते, पहिल्या पावसाला खिडकीत जाऊन उभी राहते. पण आठ दिवस राहून आली की मुकाट्याने गाडीत बसते. कुलूप मी लावते. तेही दोनदा ओढून बघते.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे गेलो होतो. दादाच्या मुलीला मी सुकतीला खडकांवर घेऊन गेले. आई वर रस्त्यावर गाडीत बसून होती, खडकांवर उतरणं आता तिला शक्य नाही. खडकांवर कालवं होतीच, आणि जुन्या, फोडून नेलेल्या कालवांची खालची कवचंही. पांढरी, धारदार, आत काही नाही. पोरीने एक नखाने काढायला बघितलं. "आत्या, किती घट्ट आहे हे!" मीही काढून बघितलं. बोट कापलं.

वर आले तर दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "घराचं काय ठरवलंस? कौलं काढायला झालीत, वाशांना वाळवी लागलीये."

मी म्हटलं, "पुढच्या मे महिन्यात बोलू."

"मोजत बस," दादा म्हणाला, आणि आईने गाडीतून हाक मारली, की उकडतंय, भांडायचं असेल तर घरी जाऊन भांडा.